‘अर्धांगिनी’ या शब्दाचा गोमंतकीय अर्थ

‘अर्धांगिनी’ हा शब्द समजावून देताना आम्ही अध्यापक मंडळी अर्धनारीनटेश्वराच्या प्रतिमेचा आधार घेतो. त्या अर्ध्या अंगाला घरात, शेतात, ठेवींत काही हिस्सा आहे का, हा प्रश्न मात्र वाङ्मयाच्या तासाला क्वचितच निघतो. गोव्यात या शब्दाला कायद्याने अगदी अंकगणिती अर्थ दिला, म्हणून त्या इतिहासाकडे पाहणे उद्बोधक ठरते.

१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. विवाहापूर्वी वेगळा करार नोंदवला नसेल तर, काही अपवाद वगळता, पतिपत्नींची सारी मालमत्ता, आधीची आणि नंतरची, कमावलेली आणि वारशाने आलेली, एकत्र होते आणि तिच्यात दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा असतो, हे तिचे तत्त्व. विवाह टिकून आहे तोवर हा हिस्सा अविभक्त राहतो. पती निवर्तल्यावर पत्नीकडे येणारा अर्धा भाग हा तिचा वारसा नव्हे. ती त्याची आधीपासूनच मालकीण असते. विधवेच्या दृष्टीने हा भेद केवळ शाब्दिक नाही.

परंतु याच संहितेने सामाईक मालमत्तेचा कारभार पतीच्या हाती ठेवला. स्थावर मिळकत विकायची तर पत्नीची संमती आवश्यक होती. म्हणजे तिला नकाराचा अधिकार मिळाला, निर्णयाचा नव्हे. मालकी निम्मी आणि सत्ता एकाची, असा हा संसार.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या कायद्याने जुने कायदे चालू ठेवले. पुढे खुद्द पोर्तुगालने १९६६ च्या नव्या संहितेत विवाहोत्तर कमाईपुरतीच भागीदारी हा सर्वसाधारण नियम केला. गोव्यात मात्र जुनी व्यवस्था टिकली. १९९४ मध्ये संसदेने आयकर कायद्यात ‘५अ’ हे कलम घालून अशा दांपत्याचे वेतनाखेरीजचे उत्पन्न दोघांत समान विभागण्याची तरतूद केली.

घाटावरचे चित्र निराळे आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ मध्ये स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेची पूर्ण मालकी दिली. पण केवळ विवाहामुळे पतीच्या जमिनीत, त्याच्या हयातीत, तिची मालकी निर्माण होत नाही. म्हणूनच शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेला ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम हाती घ्यावी लागली: शेतकऱ्यांनी आपण होऊन पत्नीच्या नावे जमीन करावी, असे ते आवाहन होते.

एकीकडे न मागता मिळालेला हक्क, दुसरीकडे मन वळवून मिळवलेला वाटा. दोन्ही इतिहास शेजारी ठेवले की आम्हाला एकच कसोटी महत्त्वाची वाटते. कागदावर किती हिस्सा आहे, एवढे विचारून भागत नाही. घरातला व्यवहार ठरतो तेव्हा तिचे मत आधी घेतले जाते की शेवटी नुसती सही, हेही विचारावे लागते.