मनात पाल चुकचुकली, तर शेअर विकायचा का?

आमच्या गव्हाणमध्ये 'विकू की थांबू' हा प्रश्न लहानपणापासून कानावर पडतो. सिडकोने जमिनी घेतल्या, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, आणि ते कधी विकायचे यावर घरोघरी वाद रंगले. आता माझ्या मोबाईलवर एका खाण कंपनीचे थोडे शेअर आहेत. प्रश्न तोच. म्हणून आज गोव्याची गोष्ट.

सेसा गोवा ही लोहखनिजाची जुनी कंपनी. २००७ मध्ये वेदांताने जपानच्या मित्सुईकडून तिचा ५१ टक्के हिस्सा घेतला. चीनला तेव्हा पोलादाची भूक होती, त्यामुळे गोव्याचं कमी प्रतीचं खनिजही खपायचं. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त माल बाहेर गेला. सगळं जोरात!

पण तारखा बघा. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राने बेकायदा खाणकामाच्या चौकशीसाठी शाह आयोग नेमला. जुलै २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेजारच्या कर्नाटकात, बळ्ळारीत, खाणी थांबवल्या. ७ सप्टेंबर २०१२ ला गोव्याचा अहवाल संसदेत आला आणि १० तारखेला राज्य सरकारने खाणकाम बंद केलं. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानेही रोखलं.

आता विचार करा. सांगे-केपेच्या रस्त्यावर रोज ट्रकांची रांग बघणाऱ्या, शेतात लाल गाळ बघणाऱ्या माणसाच्या मनात २०११ मध्ये पाल चुकचुकली असेल, तर ती उगाच नव्हती. ते डोळ्यांनी गोळा केलेलं ज्ञान होतं, फक्त शब्दांत आलेलं नव्हतं. आणि बंदीची बातमी वाचून ज्याच्या पोटात गोळा आला, ती नुसती भीती. आतून दोन्ही सारखंच वाटतं, गोची तिथेच आहे.

उलटंही होतं. एप्रिल २०१४ मध्ये कोर्टाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. 'सुटलो!' असं वाटलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. मनाला वाटलेला दिलासाही फसवा निघाला.

म्हणून मी परवा विकायचं बटण दाबण्याआधी कारण एका ओळीत लिहायला बसलो. लिहिलं काय? 'तीन दिवस लाल दिसतंय.' बस्स. ती पाल नव्हती, माझीच धडधड होती. शेअर ठेवले.

उद्या खरं कारण सापडलं, तर विकेनही. तुम्ही तुमची ओळ लिहून बघा. भेटू पुढच्या भागात!