आधीचा अंदाज, आताचं मोजमाप

घोडबंदर रस्त्यावरच्या चेण्याला एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी. वरच्या हवेतलं तापमान आणि ओलावा मोजणारा फुगा मात्र सुटतो सांताक्रूझहून, वीस-बावीस किलोमीटरवरून. तरी अंदाज काढणाऱ्या संगणकाला चेण्यावरच्या हवेचाही सुरुवातीचा आकडा लागतो, तोही थरागणिक. तो काढायची रीत म्हणजे डेटा असिमिलेशन.

या रीतीची गरज एका फसलेल्या गणिताने दाखवून दिली. लुइस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने २० मे १९१० ची निरीक्षणं घेऊन हाताने आकडेमोड केली आणि १९२२ मध्ये ती पुस्तकात छापली. सहा तासांत हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलने वाढेल, असं उत्तर आलं होतं. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. समीकरणं मुळात बरोबर होती. सुरुवातीच्या आकड्यांत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता, हे पुढे उलगडलं.

१९५५ मध्ये स्टॉकहोमला बर्गथोरसन आणि डोस यांनी वाट काढली. आधीचा अंदाज आणि त्या ऋतूची सरासरी यांवरून कच्चा नकाशा मांडायचा, मग निरीक्षण मिळेल तिथे तो सुधारायचा. अटलांटिकसारख्या रिकाम्या समुद्रावर हाच आधार होता.

पण सुधारायचा किती? याचं उत्तर लेनिनग्राडच्या लेव गांदिन यांनी १९६३ मध्ये दिलं, आणि या कुळकथेतली सर्वांत देखणी कल्पना तीच. समजा, मॉडेल म्हणतं २६ अंश आणि त्याची नेहमीची चूक २ अंशांची. फुगा म्हणतो २८, चूक १ अंशाची. चुकीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजन द्यायचं, म्हणजे एकास चार. उत्तर २७.६. हीच दुरुस्ती, अंतर वाढेल तशी कमी होत, शेजारच्या गावांपर्यंत पोचते. सांताक्रूझचा फुगा चेण्याच्या कामी येतो तो असा.

मुंबईच्या पावसाला मात्र तेवढ्याने भागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर कुलाब्याला अवघा ७३. इतक्या थोड्या अंतरातला फरक दोन-चार केंद्रांच्या जाळ्यात सापडायचा कसा?

एक वाट म्हणजे वेळेचाही हिशोब ठेवणं. युरोपीय हवामान अंदाज केंद्राने १९९७ मध्ये तशी चौमितीय पद्धत रोजच्या कामात आणली. तीत प्रत्येक निरीक्षण ज्या क्षणी घेतलं, त्याच क्षणीच्या मॉडेलशी ताडलं जातं. नोएडाचं राष्ट्रीय मध्यम पल्ला अंदाज केंद्रही आता याच घराण्यातली पद्धत वापरतं. दुसरी वाट म्हणजे दाट निरीक्षणं. मुंबईत जोगेश्वरीला वेरावलीवर २०२२ मध्ये शहराचं दुसरं डॉप्लर रडार आलं. थेंब रडारकडे येतायत की दूर जातायत, आणि किती वेगाने, हे ते सांगतं. मॉडेलमध्ये भरायला हा वेग पावसाच्या आकड्याइतकाच मोलाचा असतो.