संलयन येईपर्यंतचा कोळसा

‘अणुसंलयन साधलं की तापमानवाढीचा प्रश्न मिटला,’ असं शिकलेली माणसंही बिनदिक्कत बोलतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरात बसून हे तपासून पाहावं.

पूर्वपक्ष पोकळ नाही. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूलच्या लेसर-माऱ्यातून ३.१५ मेगाज्यूल ऊर्जा मिळाली. मात्र ते लेसर पेटवायला सुमारे ३०० मेगाज्यूल वीज लागली होती, हा तपशील बातमीच्या तळाशी गेला. होमी भाभांनी १९५५ साली जीनिव्हाच्या परिषदेत संलयन साधायला वीस वर्षांचा अंदाज दिला होता. भाभांचं चुकतं तिथं आपण जपूनच बोलावं! भारत भागीदार असलेल्या फ्रान्समधल्या ‘इटर’ या संलयन प्रकल्पात ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग आता २०३९ वर गेलेत, आणि ‘इटर’ ग्रीडला एक युनिटही देणार नाही. त्याचा तो उद्देशच नाही. खासगी कंपन्या त्याआधीचे वायदे करतात. ते पाळले गेले, तरी पहिली भट्टी पेटणं वेगळं आणि देशभरची कोळशाची केंद्रं बंद होणं वेगळं. तोवर वणीचा कोळसा जळत राहील, आणि हवेत गेलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतकं तिथंच राहतो.

दुसरी गफलत याहून मोठी. उत्सर्जन म्हणजे फक्त वीज नव्हे. याच जिल्ह्यात मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे. चुनखडी भाजली की खुद्द दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून अधिक वाटा त्याचाच. भट्टीला उष्णता संलयनाची द्या नाहीतर सूर्याची, तो सुटणारच. कपाशीला दिलेल्या युरियातून निघणाऱ्या नायट्रस ऑक्साइडचंही तेच.

म्हणून संशोधन थांबवा, असं म्हणणं नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेला पैसा मिळावा, भरपूर मिळावा. पण विज्ञानाच्या खात्यातून, तापमानवाढीवरच्या उपायांच्या नव्हे. भारताने नेट झिरोसाठी २०७० साल धरलंय. त्या हिशेबात पावसाळी ढगांच्या आठवड्यांत सौर विजेची तूट भरायला संलयन उपयोगी पडेलही.

सूर्य रात्री नसतो, हा सौर विजेवरचा आक्षेप इथं शेतीत मात्र उलटाच लागू पडतो. हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी रात्रीच्या थ्री-फेज लाईनसाठी विंचूकाट्यात जागतो, ते पिकाला रात्र हवी असते म्हणून नव्हे. कृषी पंपांचा भार दिवसा हलवता येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमकी त्यावरच उभी आहे.