रोड हिल येथील खून व इंग्रजी हेरकथा

इ. स. १८६० च्या जून महिन्यांत इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, रोड हिल हाउस येथें, केंट घराण्यांतील एका बालकाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डच्या जोनाथन व्हिचरनें निजावयाचा एक झगा नाहींसा झाल्यावरून बालकाची सोळा वर्षांची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिला धरिलें. परंतु पोलिसानें कुलीन कन्येवर आळ घ्यावा हें लोकांस रुचलें नाहीं. ती सुटली, नाचक्की व्हिचरची झाली. १८६५ त तिनें स्वतःच गुन्हा कबूल केला. पुढें १८६८ त विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’ कादंबरींत झग्याचा तोच धागा आला. मात्र खुनाच्या जागीं हिऱ्याची चोरी आली, आणि घरच्या कन्येवर संशय घेणारा सार्जंट कफ चुकला. सत्य उघड झाल्यावरहि कथेनें कुलीन कन्येचाच पक्ष राखिला, असें आम्हांस वाटतें.