एचआयव्ही रोखणारी गोळी किती लोक घेतात? विम्याच्या बिलांवरून असं कळतं

एचआयव्हीची लागण होण्याआधीच ती रोखणाऱ्या औषधांना ‘प्रेप’ म्हणतात. अमेरिकेत यातल्या पहिल्या गोळीला, म्हणजे ट्रुवाडाला, जुलै २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. पण ती किती लोक घेतात, हे मोजायचं कसं? त्यासाठी संशोधक विमा कंपन्यांकडे आलेले क्लेम आणि मेडिकल दुकानांच्या नोंदी चाळतात. रुग्णांची नावं काढलेल्या या नोंदींत औषध, तारीख, किती दिवसांच्या गोळ्या दिल्या हे असतं. क्लेममध्ये आजाराचा कोडही असतो.

खरी गोम पुढे आहे. ट्रुवाडातलीच औषधं एचआयव्ही झालेल्यांच्या उपचारातही वापरतात. त्यातलं टेनोफोविर हिपॅटायटिस बीसाठीही देतात. शिवाय संसर्गाचा धोका घडून गेल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करायचा २८ दिवसांचा ‘पेप’ कोर्स असतो, त्यातही हीच औषधं येतात. म्हणजे नुसतं ट्रुवाडाचं बिल पुरेसं नाही. मग चाळणी लागते. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बीचं निदान असलेले बाजूला, एचआयव्हीची इतर औषधं सोबत घेणारे बाजूला, एकदाच २८ दिवसांच्या गोळ्या नेणारेही बाजूला. उरले ते प्रेपवाले. म्हणजे बहुधा! ऑक्टोबर २०२३ पासून प्रेपसाठी वेगळा कोड आला आहे, पण डॉक्टरांनी तो लिहिला तरच उपयोग.

दर महिन्याची खरेदी थांबली की गोळ्या सुटल्याचा अंदाज येतो. मात्र विकत घेतलेली गोळी पोटात गेली की कपाटातच राहिली, हे बिल सांगत नाही. आणि ज्यांच्याकडे विमाच नाही, ते विम्याच्या आकड्यांत येतच नाहीत. अमेरिकेत नव्या संसर्गांचा मोठा वाटा कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समाजात आहे. विमा नसण्याचं प्रमाणही तिथंच जास्त. गरज आहे नेमकी तिथंच आकडा तोकडा पडतो.

दुसरा प्रश्न गुप्ततेचा. तिथं मुलं वयाच्या २६ वर्षांपर्यंत पालकांच्या पॉलिसीत राहू शकतात आणि क्लेमचा तपशील बऱ्याचदा पॉलिसीधारकाच्या, म्हणजे आईवडिलांच्या नावे घरी येतो. त्या भीतीने काही तरुण विमा वापरतच नाहीत. २०१७ मध्ये तर एटना या विमा कंपनीने सुमारे १२ हजार ग्राहकांना पाठवलेल्या पत्रांत एचआयव्हीच्या औषधांचा उल्लेख पाकिटाच्या पारदर्शक खिडकीतून दिसत होता. त्यात प्रेप घेणारेही होते. पुढच्या वर्षी कंपनीने १.७ कोटी डॉलर देऊन खटला मिटवला.