व्हँकूव्हर पद्धती
वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांत संदर्भ देण्याची क्रमांकाधिष्ठित पद्धती. पूर्वी प्रत्येक नियतकालिकाचे संदर्भलेखनाचे नियम निराळे असत. त्यामुळे एकाने नाकारलेला लेख दुसऱ्याकडे धाडताना संदर्भसूची पुन्हा टंकलिखित करावी लागे. ही अडचण दूर करण्यासाठी काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जानेवारी १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे एकत्र आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने सिद्ध केलेल्या संदर्भरूपासह त्यांचे नियम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे या गटातूनच वैद्यकीय नियतकालिक-संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उदयास आली.

लेखात प्रथम उल्लेख होईल त्या क्रमाने संदर्भांना अंक देतात व अखेरच्या सूचीत तोच क्रम राखतात. सूचीत लेखक, शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, खंड व पृष्ठे यांची नोंद असते. लेखकनाम व वर्ष देणाऱ्या हार्व्हर्ड पद्धतीच्या तुलनेने येथे वाक्य सलग राहते. मात्र मध्येच एक संदर्भ वाढविल्यास पुढील सर्व अंक बदलावे लागतात. एक अंक चुकला, तरी औषधाच्या मात्रेविषयीचे विधान भलत्याच लेखावर विसंबते व वाचकास ते पडताळता येत नाही. म्हणून प्रत्येक संदर्भ मूळ लेखावरून तपासणे हे लेखकाचे कर्तव्य मानले जाते.