पित्ताशय काढायचं की ठेवायचं?

१५ जुलै १८८२. बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी ४३ वर्षांच्या रुग्णाचं पित्ताशय काढलं. तोवर सर्जन ते उघडून खडे काढत आणि पिशवी आत ठेवत. पण खडे तयार करणारी पिशवीच गेली पाहिजे, असं लांगेनबुख यांचं म्हणणं. घोड्या-हत्तींना पित्ताशय नसतं, मग माणूसही त्यावाचून जगेल, हा त्यांचा आधार. हात त्यांनी आधी मृतदेहांवर बसवला होता. सोळा वर्षं कळा सोसलेला तो रुग्ण दुसऱ्या दिवशी सिगार ओढत होता!

१९८५ मध्ये जर्मनीतच एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून हे ऑपरेशन केलं. मुंबईत १९९० साली डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी.

ऑपरेशन सोपं झालं, निर्णय मात्र नाही.

खडे नाहीत, तरी पोट दुखतं, अशा वेळी पित्ताशय कसं काम करतं ते पाहणारा हायडा स्कॅन करतात. पित्ताशयानं आकुंचन पावून ३५-४० टक्क्यांहून कमी पित्त बाहेर टाकलं, तर ते मंद मानलं जातं. पण नुसत्या आकड्यावर सुरी चालवणं घाईचं ठरतं. उजव्या बरगडीखालची ठरावीक कळ नसेल, नुसते गॅस-अपचन असेल, तर ऑपरेशननंतरही त्रास राहू शकतो. दुखण्याची इतर कारणं आधी तपासून घ्या.